अकरा मापं ज्वारी

परभणीत, वसमत रोडला, पंक्चरवाल्याच्या पाठीमागं
रिझवान खोकी करतो.
जुनी अल्टो लावली, आठ इंची सबवूफर हातात दिला,
म्हटलं, डिकीभर कर.

त्यानं प्लायवूड जोडलं, हातभरच,
आणि घराकडं तोंड करून: नफीसा, ज्वारी आण.
दुधाच्या लिटरनं ओतत गेला भोकातून.
अकराव्याला काठ आला.
"अर्धा लिटर चुंबक खाईल. बस.
मोठ्या घरात हा पडदा मोकाट सुटतो,
नुस्ता घुमतो, रिकाम्या गोदामात कुणी खोकावं तसा.
लहानात गळा धरतो."

अ‍ॅम्प्लिफायर मी नांदेडहून आणलेला.
वर सोनेरी अक्षरांत दोन हजार वॅट.
त्यानं अक्षरं वाचलीच नाहीत, फ्यूज उपसला:
वीसचा.
"वीस गुणिले बारा. त्यातून गरमी वजा कर.
दीडशे उरले तर नशीब.
याला लागतात तेवढेच.
जास्तीनं कॉइल जळते, हे पोरांना कळतं.
कमीवाल्याला पिळून पिळून वाजवलं तरी जळते,
हे सांगून माझा घसा बसला."

नफीसानं ज्वारी परत मापली.
"मूठभर कमी आहे," म्हणाली,
आणि आम्हा दोघांकडं पाहिलं.

पेडगाव ओलांडल्यावर कळलं.
खड्ड्यात नाही, वेगात नाही,
फक्त खर्जाच्या अगदी तळाला
आत काहीतरी तडतडतं.

आठ स्क्रू आहेत. काढीन कधीतरी.
भाकरीपुरतं नाही,
पण देणं आहे.