सहीचा कागद

तार्तूच्या इस्पितळात रात्री दोनला
लीविका आधी खिशातला सहीचा कागद चाचपते,
मग लॅपटॉप उघडते.

एनमॅप दारं मोजतं, टकटक करून पुढे.
वायरशार्क नुसतं भिंतीला कान लावून,
चहाडीची घाई नाही त्याला.
मेटास्प्लॉइट उतावळं, वेसण धरावी लागते;
वरच्या मजल्यावर श्वासयंत्रं चालू आहेत.
सगळी फुकटची, उघड्या पोटाची.
चोराकडेही हीच.

सव्वातीनला जॉन द रिपरनं फोडला
औषधसाठ्याचा पासवर्ड:
मीसू, पुढे एक-दोन-तीन.

संध्याकाळी कॉफी देताना
साठ्यावरच्या हेल्गीबाईंनी
मोबाइलमध्ये दाखवली होती मीसू,
खिडकीत, बर्फाकडे पाठ करून.

अहवालात रकाना आहे: कुणाचा?
लीविका कॉफी पिते.
पार निवलेली.