ओळ सदतीस

फरहत मॅडम म्हणाल्या, उघडलंत ते बंद करा.
एवढंच आहे सगळं, बाकीचं सवयीनं येतं.

पीठगिरणीच्या वर आमचा क्लास,
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
की-बोर्डवर रोज पिठाची बारीक साय
आणि मी एकेचाळीसची,
तुर्भ्याच्या गोदामात बारा वर्षं बिलं फाडून आलेली,
विशीतल्या पोरांमागे शेवटच्या खुर्चीवर
कोनकंस शोधत.

एक सापडला स्वल्पविरामाच्या डोक्यावर,
दुसरा पूर्णविरामाच्या.
इतकी वर्षं तिथेच होते म्हणे.
शिफ्ट दाबून धरायची. करंगळी दुखते.

गृहपाठ होता: पाठ असलेली कुठलीही गोष्ट
झाडासारखी मांडा, मूळ एकच हवं.
पोरांनी मोबाइलची दुकानं मांडली, क्रिकेटचे संघ.
मी आईची पाटी मांडली.

<पाटी>
तिच्या पोटात मासे,
प्रत्येक माशाच्या कपाळावर त्याचं नाव,
पोटात वाटे आणि दर.
मराठीत चालेल का, विचारलं.
मॅडमनी स्वतः टाइप करून पाहिलं, चाललं.
त्यांनाही नवीनच होतं ते.
फक्त खुणेच्या नावात जागा सोडू नका, म्हणाल्या.

ओळ थोडी आत सरकवून लिहायची
म्हणजे दिसतं, कोण कुणाच्या घरातलं.

मग आला नियमांचा कागद.
वाटे: पूर्णांक.
दर: आकडा, एकच.
आईचे दर दोन. एक सांगायचा, एक द्यायचा.
आणि संध्याकाळी धुरपतमावशी आली की तिसरा,
ज्याला आकडाच नाही,
'ने गो, ने,' एवढाच.
तो कुठल्या कोनकंसात घालू?
कागद काही बोलला नाही.
मी सांगायचा दर लिहिला आणि पुढे गेले.

रात्री दिवाळ्यात, ओट्यावर लॅपटॉप,
आई शेजारी निवट्या साफ करत.
तांबडी अक्षरं आली.
ओळ सदतीस: 'मासा' उघडा राहिला आहे.
मी मोठ्यानं वाचलं.
आई म्हणाली, उघडा ऱ्हायला तं मांजर नेईल.

हसताना तिनं सुरी खाली ठेवली,
ओले हात पदराला पुसले, पडद्याकडे वाकली.
तिला वाचता येत नाही,
पण बोट बरोब्बर सदतीसवर ठेवलं.
ह्ये काय?
जिताडा, मी म्हटलं. चुकून लिहिला. खोडतेय.
का गो?
अगं, येतच नाही आता खाडीत.
तुझ्या पाटीत शेवटचा कधी होता, तुला तरी आठवतं?

तिनं पुन्हा सुरी उचलली.
निवटीचं डोकं उडवलं. दुसरीचं.
मग माझ्याकडे न बघता,
येत नाय म्हंजे नव्हता काय?

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं,
नाव आहे, आत काही नाही, असं लिहिता येतं?
त्या थांबल्या. खालची गिरणी थांबेपर्यंत थांबल्या.
येतं, म्हणाल्या.
मुळात न लिहिणं वेगळं,
लिहून रिकामं ठेवणं वेगळं,
मशीनला हा फरक कळतो.
माणसांना विसरायला होतं.
शेवटी एक तिरकी रेघ द्या,
उघडणं-मिटणं एकाच दमात.

<मासा नाव="जिताडा"/>

नियमांचा कागदही सैल करून घेतला,
वाटे असतील किंवा नसतील, दरही तसेच.
मग बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, यादी छापणारा.
तीनदा पडला. चौथ्यांदा
बोंबील, वाटे अठरा.
कोळंबी, वाटे सात.
निवटी, वाटे पाच.
जिताडा, शून्य.

शून्य नको होतं.
अर्धा तास गेला ते शून्य काढायला,
एक 'जर' घालावा लागला मध्ये.

घरी वाचून दाखवलं.
आईनं सगळं ऐकून घेतलं,
कोळंबीचा एक वाटा जास्त आहे म्हणाली,
आणि मग,
जिताड्याचं काय म्हनतंय?
काहीच म्हणत नाही. नुसतं नाव.
तिनं पाटी उलटी करून भिंतीला टेकवली, पाणी निथळायला.
मंग बरोबर हाय.