घणाची खूण

तुर्कूहून कायानीला जायचं तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते.
मला लागले सव्वातीन सेकंद.
तेवढ्यात ओइवाच्या स्वयंपाकघरात, पडद्यावरचा बाण हलला,
आणि त्याने माउसवरचा हात असा उचलला
जणू खाली काहीतरी जिवंत होतं.
"तू आहेस का?" फोनवर.
"मीच. हात लावू नकोस."
"मी कुठे लावतोय. तूच लावतेयस."

आईचा हा काका, वय एक्याऐंशी,
उमेदीची वर्षं नदीत ओंडके हाकण्यात गेली,
हातात आकडा, बुटांत पाणी.

त्याला आधी दार समजावलं.
राउटर म्हणजे एक कारकून.
आतून गेलेल्या पत्राचं उत्तर तेवढं आत घेतो,
बाहेरून कुणी आगंतुक आला
तर "इथे कुणी राहत नाही" म्हणून मोकळा.
"मग तू कशी आलीस?"
एक तिसरं यंत्र आहे, दोघांना ओळखणारं.
त्याने तुझा पत्ता मला दिला, माझा तुला,
आणि आपण दोघांनी एकाच क्षणी आतून दार लोटलं.
दोन्ही कारकुनांना वाटलं, आपल्याच माणसाने मागवलेलं उत्तर.
ओइवा खूप वेळ हसला.
"माझे वडील स्वीडनमधून कॉफी अशीच आणायचे."

मग ठसा.
समोरचं यंत्र ओळखीचं आहे का, अशी विचारणा झाली,
खाली एक लांबलचक, अर्थ नसलेली ओळ.
ती मी अक्षर अक्षर वाचली,
त्याने चष्मा पुसून ताडून पाहिली.
नाव सांगून कुणीही येईल, म्हणाला, ठसा बघावा.

पाठवायच्या होत्या त्याच्या स्कॅन केलेल्या वह्या:
ओंडक्यांवरच्या खुणा, अकराशे चाळीस,
मालकागणिक वेगळी, घणाने बुडख्यात ठोकलेली.
लाकडं सगळ्यांची, पाणी एकच,
खाली सरोवराच्या तोंडाशी खूण बघून निवडायची.

फाइल अख्खी जात नाही, मी सांगू लागले,
तुकडे होतात, आणि दर तुकड्यावर...
"कुणाचा, कितवा," त्याने वाक्य तोडलं.
"मागचा पुढे येतो. एखादा बुडतो."
बुडला तर वरच्या काठाकडे पुन्हा मागतात.
"हे आम्हाला नाही जमलं.
बुडाला तो बुडाला. अजून तळाशी आहेत."

सत्त्याण्णव टक्क्यांवर थांबलं.
बर्फाच्या ओझ्याने फांदी तारेवर पडली, तिकडची वीज गेली.
आता पुन्हा पहिल्यापासून, तो हळहळला.
नाही, जिथे अडकलं तिथून.
आलेलं आलेलंच असतं.

पहाटे उरलेले तीन टक्के उतरले.
मग दोन्हीकडची बेरीज काढली,
एक ठिपका हलला तरी बदलते ती.
इथली, तिथली, सारखी.
"ओइवा, काही हरवलं नाही."

तो गप्प.
मग म्हणाला, सातवी वही बघ.
एकतिसाव्यानंतर तेहेतिसावं पान,
मधे फाडल्याची दातेरी कड,
तीही नीट उमटलेली.
"कुणाची खूण होती?"
"काल्लेची. चौकोन, आत माशाचं हाड.
त्याची चाळीस लाकडं मी दुसऱ्याच्या ढिगात लोटली."

बेरीज पुन्हा काढू का, मी उगाच विचारलं.
"नको. जुळलीय ना."

मी त्याच्या पडद्यावर एक कोरं पान उघडलं
आणि हात बाजूला घेतला.
बराच वेळ काही नाही.
मग बाण हलला, माझ्याशिवाय,
अडखळत चौकोन काढू लागला,
तिसरी बाजू वाकडी गेली.