सांधा

बेकर्सफील्डच्या गॅरेजात लॉयल टकेट
तीन महिने रंग खरवडतोय.
लालाखाली निळा, निळ्याखाली पिवळा,
पिवळ्यात अर्धंच नाव : '—लोरिस'.
चासीवर नंबर नाही.
तेव्हा कोण घालत बसलं होतं नंबर?
पाइप आणायचे, वाकवायचे, जोडायचे
आणि रविवारी, ओसाड धावपट्टीवर,
पाव मैल जीव मुठीत धरायचा.

इंजिन कुणी बोटीला लावलं म्हणे.
सांगाडा एकोणीस वर्षं
कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर पेलत उभा.

मग ऑइलडेलहून आली व्हेल्मा प्रूइट,
वय अठ्ठ्याऐंशी.
फोटो? घराबरोबर जळले.
तिनं चष्मा काढला,
सीटमागच्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं,
उजवीकडून डावीकडे,
जुनी शिवण चाचपावी तसं.
"रॉस्को डावखुरा होता.
आणि हे बघ, इथं थांबलाय.
मी जेवायला हाक मारली होती."

पिवळ्यातलं नाव तिनं वाचलं.
त्यावर काही बोलली नाही.

लॉयलनं वही उघडली.
'पुरावा' या रकान्यात
काय लिहावं, सुचेना.
पॉलिशपेपर मात्र त्यानं खाली ठेवला :
तेवढं बोटभर
गंजासकट राहू दे.