हॅल्स्टेडची रेघ

दौलतगंजात, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत
माझी शिकवणी. सात पोरं, एक फळा,
आणि खाली स्टीलवर नावं कोरणारं यंत्र:
वाट्या, पेले, डबे, लग्नाचा सगळा आहेर
दिवसभर कुणाकुणाच्या नावाने किरकिरतो.

नेवाळकर सरांनी जाण्याआधी दोन आठवडे
कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून एक पुस्तक दिलं.
पाठीमागचा पुठ्ठा वाळवीने नेलेला,
पानांत कडुलिंबाचा चुरा.
रेव्हरंड टोबायस हॅल्स्टेड, बीजगणित,
सतराशे त्र्याऐंशी.

रविवारी प्रवचन, सोमवार ते शनिवार समीकरणं.
त्याच्या नावाचा एकही सिद्धांत नाही.
मी शोधला. वक्र नाही, सूत्र नाही,
एखादी बारीकशी युक्तीसुद्धा नाही
जिला पोरं परीक्षेत शिव्या देतील.
फक्त प्रस्तावनेत, तिसऱ्या पानाच्या तळाशी:
चूक पुसू नये. तिच्यावर एकच रेघ ओढावी,
म्हणजे खालचं वाचता येतं.

आतल्या कोऱ्या पानावर मालकांच्या सह्या.
पहिला त्याचाच विद्यार्थी, शाई तपकिरी झालेली,
पुढे कंपनीच्या मोजणीखात्यात लागलेला.
मग विनायक त्रिंबक सोहोनी, हेडमास्तर, लष्कर, १८९८.
मग एक वाचताच न येणारा माणूस.
मग सर.
मोजणीवाल्यापासून सोहोनींपर्यंत ऐंशी-नव्वद वर्षं
पान गप्प आहे.
माझा एखादा पोरगा अशी पायरी गाळून
'हे उघडच आहे' असं लिहिता
तर मी त्याचे दोन गुण कापले असते.

पण अकरावीत माझं एक गणित
वजाच्या चिन्हापाशी घसरलं होतं, तेव्हा
सरांनी लाल पेनाने एकच रेघ ओढली, बारीक,
काकडीची साल काढावी तशी.
म्हणाले, कुठे पाय घसरला ते दिसतंय ना?
मग अर्धं आलं.
पुस्तक तेव्हा मी पाहिलंही नव्हतं.

गच्चीतून किल्ला दिसतो.
वर, चढणीवरच्या एका लहानशा देवळात,
भिंतीवर फुलबागेचा हिशेब आहे:
दोनशे सत्तर हात लांब जमीन, रोजच्या पन्नास माळा.
दोन्ही आकड्यांतलं शून्य हरभऱ्याएवढं.
कोरणाऱ्याने ते कुणाकडून घेतलं
हे भिंतीला विचारून झालंय.
हॅल्स्टेडला दाखवलं असतं तर
बहुतेक त्याने आधी माळा मोजल्या असत्या,
देव कुठला ते नंतर.

काल भदौरियांचा तन्मय म्हणाला,
'मॅडम, व्हाइटनर है?'
म्हटलं, नाही. एक रेघ ओढ.
'किसने बोला?'
म्हटलं, सरांनी.
'और सर को?'
मी फळ्यावर नावं लिहीत गेले, खालून वर,
सोहोनींच्या वर वीतभर जागा सोडली,
आणि अगदी वर, हात पुरेना म्हणून वाकडं, हॅल्स्टेड.
'ये पेपर में आएगा?'
नाही येणार.

त्याने पट्टीशिवाय रेघ ओढली, होडीसारखी डुलती.
खालचं वजा सात स्वच्छ दिसत होतं.
यंत्र मधेच थांबलं. कुणीतरी ओरडलं,
शकुंतलाचा श पोटफोड्या ष झालाय.
स्टीलवर खोडता येत नाही.
थोड्या वेळाने पुढचं अक्षर सुरू झालं.