दुसरी सहाण

आमच्या बोअरचं पाणी
तांब्यात रात्रभर ठेवलं
की सकाळी तांब्याच्या गळ्याशी पांढरी रेघ.
या पाण्याला आधी पाणी करावं लागतं,
मग पाजावं लागतं.
कुणी शिकवलं नाही मला, निपलनं शिकवलं.
पहिल्या बॅचला क्षारानं तोंडं बुजली
आणि शेडच्या मावळतीच्या टोकाला
एकशेचाळीस पिल्लं
पाण्याच्या पाइपाखाली तहानेनं मेली.

तेव्हापासून टाकीत लिंबू.
कधी घरचा सिरका, उसाचा.

या बॅचची गाडी पहाटे आली.
त्याच आठवड्यात सुवर्णमाला बाळंत झालेली,
औशाच्या दवाखान्यातून घरी आलेली.
एका खोलीत बाळ, एका शेडात तीन हजार,
दोन्हीकडं बल्ब लावलेले.

पहिल्या दिवशी गुळाचं पाणी,
शंभर लिटरला दोन किलो, काळा गूळ.
शंभरेक पिल्लांची चोच मी हातानं बुडवते.
बाकीची बघून शिकतात.

बाळाची गुटी सहाणेवर:
मुरुडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचा एक,
वेखंड नुसतं टेकवायचं.
तिच्यावरच पुढं ओवा घेतला तर सासू कडाडली,
"लेकराची सहाण कोंबड्यांला?"
बरोबर होतं तिचं.
शेडमागं फुटकी शहाबादी फरशी पडली होती,
ती धुतली. ती दुसरी सहाण.

लसूण, आलं, ओली हळद ठेचायची,
उकळायची, निववायची,
ह्यांच्या जुन्या धोतरातून दोनदा गाळायची,
नाहीतर परत निपल.
शेवग्याचा पाला निराळा. त्याचं पाणी हिरवं होतं
आणि पिल्लं आधी मान तिरकी करून बघतात,
मग पितात.

सुपरवायझर बिरादार, नातवासारखं पोरगं,
उदगीरला शिकलेलं.
"काय टाकूलालाव मावशी पाण्यात?"
"लसूण."
त्यानं कार्ड उलटून पालटून पाहिलं.
वजन, मर, खाद्य, लस.
लसणाला रकाना नव्हता.
"लसीच्या दिवशी तरी नका टाकू."
नाही टाकत. त्या दिवशी कोरं पाणी आणि दूधपावडर,
एवढं मला कळतं.

आमच्यात कुणी खात नाही. गळ्यात लिंग आहे.
लग्नात बायका विचारतात, मग पाळता कशाला?
पाणी पाजायला, म्हणते मी.
हसतात. मीही हसते.
मग घरी येताना वाटेत ते बोलणं
चपलेत खडा शिरावा तसं टोचत राहतं.

सव्वा महिना झाला.
सुवर्णमालानं आडाची ओटी भरली,
बाळाला तराजूत ठेवलं तर सव्वाचार किलो.
तिकडं बिरादारनं पाच पक्षी टांगले,
सरासरी दोन किलो दहा ग्रॅम,
आल्या दिवशी चाळीस ग्रॅम होते.
"मर कमी आहे मावशी, या लाइनीवर तुमचीच."
मी मान हलवली.
एवढ्या लवकर कुणी एवढं मोठं व्हावं का,
हे विचारायला त्याचं वय नव्हतं.

रात्री गाडी. मुजीब आणि त्याची पोरं, डोक्याला टॉर्च.
खाद्य सहा तास आधीच बंद.
पाणी बंद करायचं नाही,
पकडेपर्यंत चालू ठेवायचं, असा नियम आहे.
कंपनीचा एवढा एक नियम मला आवडतो.

त्या संध्याकाळी पाण्यात काही टाकायचं कारण नव्हतं.
वाढायचं ते वाढून झालं होतं.
मी टाकीवर चढले, दोन किलो गूळ सोडला,
काठीनं ढवळत उभी राहिले.
ह्यांनी खालून विचारलं, "आता कशाला?"
काय सांगणार.

सकाळी पाइपातून सिरका सोडला,
पांढरे पापुद्रे गळून आले.
फरशी घासायला बसले तर हळद निघेना.
सासू बाळाला पायावर घेऊन शेकत होती,
तिथूनच म्हणाली,
"राहू दे. मुरलेली आहे.
पुढच्यांला कामी येईल."