पुरवणी

पाच जाडजूड खंडांत त्याच्या वाट्याला
एकच वाक्य आलंय:
नावाड्याने त्यांना पार नेलं.
पुढच्याच ओळीत राजकन्या उतरते, घोडे हिसडे देतात,
युद्धाला तोंड फुटतं,
आणि हा तिथंच, पाण्यात,
पूर्णविरामाला बांधलेला.

आता प्रकाशकांनी सचित्र पुरवणी काढायची ठरवली.
मोठ्या कथेत ज्यांना टेकायला जागा मिळाली नाही
त्यांच्या अकरा गोष्टी:
ड्रॅगनचे फाटके पंख शिवणारा चांभार,
मुद्दाम चुकीचे नकाशे विकणारी विधवा,
राजाच्या आधी प्रत्येक घास चाखून
जिवंत राहिल्याची लाज वाटणारा पोऱ्या.
आणि नावाडी. चार पानं. नाव तरीही नाही.
चित्रं माझी.

टार्टूत मार्चमध्ये एमायोगी नदीवर
बर्फाचे तुकडे एकमेकांना ढोसत जातात.
खिडकीशी बसून मी त्याला शोधते.
उंची दिलेली नाही, वय नाही, दाढीचा पत्ता नाही.
लेखिकेला फोन केला, तर हसली:
"मला तरी कुठं ठाऊक?
मी तेव्हा पैलतीराकडे बघत होते."

मग मी बाबांनाच बसवलं होडीत.
व्होरूच्या लाकूडगिरणीत एकतीस वर्षं;
उजव्या हाताचं मधलं बोट गिरणीनं ठेवून घेतलं.
चहाचा कप ते असा धरत
जणू एक बोट भिडस्तपणानं मागं थांबलंय.
वल्ह्यावर मी तोच हात काढला.

रैमोचा निरोप आला. चांगला संपादक आहे, वाईट वाटू देत नाही:
"चित्र अप्रतिम, तीयू. फक्त एक.
चौथा खंड, पान तीनशे सात:
त्या नदीचे नावाडी
भरतीचे दिवस दहा बोटांवर मोजतात.
आणि वाचक बोटं मोजतात.
वाचक सगळं मोजतात."

बाबा असते तर म्हणाले असते,
नऊवरही मोजता येतं, जरा वेळ लागतो.

मी हातमोजा घातला. लोकरीचा, पाच बोटांचा,
आईच्या विणीतला, मनगटाशी लाल चांदण्या.
रैमो खूश. पुस्तक छापून आलं.

सप्टेंबरात वाचनालयात मुलांची रांग.
पुठ्ठ्याच्या तलवारी, एकाच्या पाठीवर पंख,
ते दारात अडकून सगळ्यांचा खोळंबा.
एक मुलगी, नऊ वर्षांची असेल, पान उघडून उभी:
"याच्या एकाच हाताला थंडी वाजते?"
"वारा त्या बाजूनं येतो ना," मी म्हटलं.
तिनं पान उलटलं.
"पण येताना वारा दुसऱ्या बाजूला.
मोजा तिथंच."

मी पेनाचं टोपण शोधू लागले.
तिनं चित्रावर बोट ठेवलं:
अंगठा, पहिलं, आणि मधल्यावर थांबली.
तिथली लोकर मी किंचित सैल काढली होती,
केसभर. रैमोच्या नजरेतून निसटलेली.
"हे रिकामं आहे," ती म्हणाली,
हळूच, कुणाचं गुपित फोडल्यासारखी.

मी पहिलं पान काढलं.
"नाव काय घालू?"
"माझं नको. याचं."

माझं अक्षर एरवी बरं असतं.
त्या दिवशी 'एंडेल' लिहायला
जवळजवळ अर्धं पान लागलं.

मागचा पोरगा तलवार बगलेत मारून पुढं सरकला:
"मला ड्रॅगन. मोठा काढा."
काढला.